म्हशीच्या खोलीतलं औषध

आमच्या घरी म्हैस कधीच नव्हती. तरी नगरपरिषदेच्या नकाशात तिची खोली आहे. चांगली ऐसपैस, दक्षिणेला खिडकी. गावात कित्येक माणसांना एवढी हवेशीर खोली मिळत नाही.

माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला बांधकामाची हौस फार आणि परवान्याचा कंटाळा त्याहून फार. पुढचं घर त्यानं रीतसर बांधलं, कारण तेव्हा कर्ज काढलं होतं आणि बँक नकाशा मागत होती. काही वर्षांनी त्याच्या डोक्यात आलं की मागच्या अंगणात भाड्यानं द्यायला दोन खोल्या काढाव्यात, एक खाली आणि एक वर. नकाशे काढून देणारा माणूस म्हणाला, "मागं जागा सोडावी लागती. राहायची खोली तिथं बसत न्हाई. गोठा दाखवू का? गोठ्याला कुणी इचारत न्हाई."

नवरा म्हणाला, "दाखव. जनावराचं तरी भलं होऊ दे."

तर कागदावर मागं पत्र्याचा गोठा. प्रत्यक्षात खाली स्लॅबची खोली, बाहेरून जिना, आणि वर सिमेंटच्या पत्र्यांची दुसरी खोली. कागदाच्या हिशोबानं आमचा वरचा भाडेकरू म्हशीच्या डोक्यावर, हवेत राहायचा.

नवरा गेला, खोल्या राहिल्या. नवऱ्यापेक्षा खोल्या बऱ्या. महिन्याच्या महिन्याला देतात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणत नाहीत.

आम्ही या गावात आलो तेव्हा आम्हाला कुणी खोली देत नव्हतं. आधी नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली कालच गेलेली असायची. म्हणून माझ्याकडे भाडेकरू आला की मी आडनाव विचारत नाही. कपडे कुठं वाळू घालणार आणि मोबाईल जोरात लावता का, एवढंच विचारते.

मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये असतो. तिथं मी एकदा राहून आले. लिफ्टमध्ये बायका एकमेकींकडं बघत नाहीत, आकड्यांकडं बघतात. सून चांगली आहे, पण "चहा घेणार का?" असं विचारते. आपल्या घरात माणसाला चहा घेणार का म्हणून विचारत नाहीत. पाहुण्याला विचारतात. मुलगा सारखा म्हणायचा, घर विकून टाक, इकडं ये. मी म्हणायचे, माझं मी भागवते, तुझं तू बघ. आणि माझं भागायचं ते या दोन खोल्यांवर. त्या पडल्या तर मी पुण्याच्या लिफ्टमध्ये, हे मला स्वच्छ माहीत होतं.

वरच्या खोलीत जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक मास्तरीण राहायची. नवरा नाशिककडं कंपनीत, सुट्टी मिळेल तसा यायचा. पदरात एक तान्ही पोर, नुकती सरपटायला लागलेली. शाळेला जाताना ती पोर माझ्याकडं टाकून जायची. मला लेकरं फार आवडतात असं काही नाही. माझं एकच होतं, तेही मी कसंबसं मोठं केलं. पण ही रडकी नव्हती. जे दिसेल ते तोंडात घालायची, एवढंच. तिच्या तोंडातून मी चपलेचा पट्टा काढलाय, ज्वारी काढलीय आणि एकदा चालता-बोलता मुंगळा काढलाय.

एका उन्हाळ्यात खालची खोली रिकामी झाली. मंठ्याकडचा एक तरुण विचारायला आला. पांढरा कडक शर्ट, बोटात अंगठी.

"आजी, राहायला न्हाई पायजे. सामान ठिवायला पायजे."

"काय सामान?"

"औषधं. औषधाचा धंदा हाय आपला."

मला रोज एक गोळी बीपीची लागते आणि एक गुडघ्याची. आम्ही देव मानत नाही, पण मेडिकलवाला आपल्या पायानं दारात आलेला पाहून मला क्षणभर शंका आली. मी भाडं थोडं कमी सांगितलं. म्हटलं, गोळ्यांत वसूल करू.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. खोक्यावर खोकं चढायला लागलं. मी चष्मा न लावता दारात उभी राहून बघत होते. प्रत्येक खोक्यावर लाल त्रिकोण, टोक खाली केलेला. वरच्या अंगाला काहीतरी काळंसं होतं, पण त्याच्यावरून चिकटपट्टी गेली होती.

माझ्या वयाच्या बाईला लाल त्रिकोण समजावून सांगावा लागत नाही. आमच्या तरुणपणी तो भिंतीभिंतीवर होता. दवाखान्यावर, एसटी स्टँडवर, चावडीवर. शहागडला माझ्या माहेरी तर मारुतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर रंगवला होता. पुढं ब्रह्मचारी देव आणि पाठीला कुटुंबनियोजन. मीही दोन-चार बायांबरोबर सरकारी जीपमध्ये बसून त्या त्रिकोणाखालून जाऊन आलेली आहे. तेव्हा मी काय ते समजले. हा पोरगा मेडिकलवाला नाही, सरकारला 'तसला' माल पुरवणारा आहे. लाजेनं मी जवळ जाऊन काही वाचलंही नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं मला. पण तसलं काय वाचायचं?

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय भरून राह्यलीस गं खोलीत?"

"तसलं."

"तसलं म्हंजी?"

"लाल तिकोन."

"अगं बया! येवढं? गावाला पुरून उरंल की!"

"गावाची वागणूक बघितलीस का? कमी पडंल."

पोरगा अधूनमधून यायचा, चार खोकी न्यायचा, दोन आणायचा. बोलायला गोड होता. एकदा मी विचारलं, "धंदा बराबर चालतो का रे?"

"सीझनला लई चालतो, आजी. येकदा पाऊस पडू द्या, माणसं रांगा लावतेत."

"पाऊस पडल्यावर?"

"हां, मंग! तवाच तर सगळं जोरात येतं."

मी पदर तोंडाला लावून आत गेले. काय ही आजकालची पिढी, म्हटलं, हवामान बघून चालते.

वास यायचा. उग्र, घशात बसणारा. मी मनाशी म्हणायचे, रबराचा असेल. मास्तरीण एक-दोनदा म्हणाली, "मावशी, खालून कसला तरी वास येऊन राह्यला. डोकं धरतं माझं."

"सरकारी माल हाय," मी म्हटलं. "तू तिकडं ध्यान देऊ नको."

मृगाच्या सुमाराला एका दुपारी मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. पोर सरपटत मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दाराखालून काहीतरी ओलं बाहेर आलं होतं. ती त्यात थप्पथप्प हात मारत बसली आणि मग सवयीप्रमाणे हात तोंडात. मी उचलली, पदरानं तोंड पुसलं, दोन शिव्या दिल्या. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दात येत असतील म्हटलं. मग उलटी झाली. मग ती हातात अशी लोंबली की ओला टॉवेल धरल्यासारखं वाटलं. डोळे बघितले तर बाहुल्या मोहरीएवढ्या. मी पायात चप्पल न घालता रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याच्या फोनवरून शाळेत निरोप दिला.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीचे कपडे काढून टाकायला लावले, नर्सला साबणानं अंग धुवायला सांगितलं आणि माझ्याकडं वळली.

"आजी, घरात औषध हाय का?"

"हाय की. फ्रिजवर. बीपीचं आन गुडघ्याचं."

"ते नाही. फवारणीचं."

"शेतीच न्हाई आमाला."

"मग ही कुठं होती? कशाला हात लावला?"

"मागच्या खोलीच्या दारात. तिथं बी औषधच हाय, पण ते..." आजूबाजूला पुरुष माणसं होती, मी आवाज खाली आणला. "ते फॅमिली प्लॅनिंगचं हाय. लाल तिकोन."

तिनं हातमोजा काढला. मग तिनं मोबाईलवर एक चित्र काढून माझ्या नाकाशी धरलं. चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, खालचा अर्धा लालभडक. "असा त्रिकोण?"

"असाच. पण ही वरची कवटी न्हवती."

"कवटी असतेच, आजी. सगळ्यांत जहाल विषावर हा लाल रंग असतो." आणि ती पोरीकडं पळाली.

आमच्या भाषेत दोन्हीला औषधच म्हणतात. ताप आला तर माणूस औषध घेतो आणि जीव नकोसा झाला तरी औषधच घेतो. अमक्यानं औषध घेतलं असं कुणी सांगितलं की सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघून कळतं, कोणतं. मी त्या पोराच्या तोंडाकडं नीट बघितलं नाही, कारण मी माझ्या फुकटच्या गोळ्यांकडं बघत होते.

पोर वाचली. पोटात थोडं गेलं होतं आणि वेळेत आणली होती, असं डॉक्टरीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती सलाइनची नळी तोंडात घालायला बघत होती, तेव्हा मी समजले की बरी आहे.

घरी आल्यावर मी माझ्याकडच्या किल्लीनं मागची खोली उघडली, चष्मा लावला आणि एका खोक्यावरची चिकटपट्टी सोलली. कवटी होती. खाली मराठीत 'विष' लिहिलं होतं, पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल असं. तेवढ्यात माझा औषधवाला आला.

"आजी, येखादा डबा फुटला आसंल. जल्दी पुसून घेतो."

"पुसू नको. सगळं उचल."

"आता? सीझन तोंडावर हाय. कुठं नेऊ?"

"तुझ्या घरी ने. पलंगाखाली ठिव."

"घरात लेकरं हायती, आजी," तो बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

पण अशा माणसांची लाज फार वेळ टिकत नाही. त्यानं मोटारसायकलला किक मारता मारता सांगितलं, "तक्रार करायची तर करा. मंग मी बी नगरपरिषदेत जातो. मागच्या बांधकामाचा परवाना दाखवा म्हणतो. समद्या गल्लीला म्हाईत हाय तुमची म्हैस."

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस. एकदा साहेब घरात शिरले की दोन्ही खोल्या पाडतील."

"पोरगी मरता मरता वाचली."

"मग त्यांना सांग ना, दुसरी खोली बघा. ती काय आपली कोण लागते?"

"तू जन्मला तवा आपुन बी कुणाचे तरी भाडेकरूच होतो. घरमालकाची आपुन कोण लागत होतो?"

त्यावर तो म्हणाला, आवाज तुटतोय, इकडं रेंज नाही. पुण्यात रेंज नाही!

मास्तरणीला सांगितलं तर तिचं निराळंच. "मावशी, तुम्ही तक्रार केली तर माझी पण खोली जाईल. मी कुठं जाऊ? परत आडनावापासून सुरुवात करायची का?"

ते खरं होतं. आडनाव आम्हा दोघींचंही त्याच वळणाचं. ती रडायला लागली. मला रडणं बघवत नाही, कोरडा कंटाळा येतो. मी म्हटलं, "रड, पण इचार करून रड. वर ऱ्हाऊन रोज पोरीला तो वास पाजायचा का? तुला खोली पायजे का पोर पायजे, ते सांग. मला बी खोल्या पायजेत. पण खोली काय, रांगत न्हाई."

सकाळी मी नगरपरिषदेत गेले. बांधकामाच्या साहेबांसमोर बसले.

"साहेब, माझ्याकडं गोठा हाय."

"बरं, मंग?"

"त्यात म्हैस न्हाई."

"म्हैस पायजेच आसा नियम न्हाई, मावशी."

"त्यात विष भरलंय. आन वरती मास्तरीण राहती."

"कशाच्या वरती?"

"गोठ्याच्या."

साहेबांनी नकाशा काढायला लावला, माझ्यापुढं पसरला आणि पेनानं दाखवलं. "गोठ्याला तर पत्रे हायेत. पत्र्यावर कशी राहील?"

"तेच तर सांगून राह्यले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, हितं लोक दुसऱ्याची तक्रार घेऊन येतेत. तुम्ही सोताचीच घेऊन आल्यात. घरी कुणी मोठं माणूस हाय का?"

"मीच मोठी हाय."

"हे बघा," ते म्हणाले, "गोठा कायदेशीर. म्हैस तुमच्या मर्जीवर. माणूस तेवढा बेकायदेशीर. आन विष माझ्याकडं येत न्हाई, कृषीकडं येतं. माझ्याकडं फक्त खोली."

म्हणजे विष एका ऑफिसात आणि खोली दुसऱ्यात. मी दोन्हीकडं गेले. कृषीचे साहेब मात्र लगेच जीप घेऊन आले, हातमोजे आणि तोंडाला जाड मास्क लावून. त्यांनी सांगितलं, परवान्यावर जो पत्ता आहे तिथंच माल ठेवता येतो, आणि माणसं जिथं झोपतात, स्वयंपाक करतात तिथं तर मुळीच नाही. या पोराच्या परवान्यावर फक्त दुकान होतं. अर्धा माल तारीख उलटलेला निघाला. सगळाच जप्त झाला. मी बादली घेऊन फरशी धुवायला निघाले तर साहेब ओरडले, "पाणी टाकू नका! सगळं गटारीत जाईल." सांडलेल्यावर कोरडी माती पसरली, ती खरडून पोत्यात भरली आणि पोतं बांधून तेही जीपमध्ये टाकलं. मी जन्मभर सगळं पाण्यानंच धूत आले होते.

शेजारीण भिंतीवर होतीच. "काय झालं गं? लाल तिकोन पकडला का?"

"पकडला. पण तो नियोजनाचा न्हवता."

"मंग?"

"कुटुंब मोजून कमी करीत न्हाई हा. एकदम समदंच."

मग बांधकामाचे साहेब आले. खाली-वर फिरले, टेप लावली, नोटीस दिली. मागं सोडायची जागा सोडलीच नव्हती, त्यामुळं दंड भरूनही भागणार नव्हतं. दोन्ही खोल्या काढा. जाताना त्यांनी वर बघून एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. सिमेंटचे जुने पत्रे हातोड्यानं फोडायचे नाहीत. त्यांची भुकटी फुप्फुसात बसते आणि पुढं कित्येक वर्षांनी माणसाला खाते. पाणी मारून ओले करायचे, बोल्ट काढून अख्खे उतरवायचे आणि पोरांना लांब ठेवायचं. म्हणजे खाली एक विष होतं आणि वर दुसरं, आणि आम्ही भाडं दोन्हीचं घेत होतो.

मुलाची रेंज आली. तो म्हणाला, वकील देऊ, तारखा पडत राहतील, तोवर भाडं चालू राहील. मी म्हटलं, वकील म्हंजे आणखी एक भाडेकरू, फक्त भाडं आपुन त्याला द्यायचं. नको.

पत्रे मी समोर उभं राहून उतरवून घेतले. गड्यांना भुकटीचं सांगितलं तर हसले. म्हणाले, "आजी, आमी आजवर हजार फोडलेत." मी म्हटलं, "तवा तुमाला सांगणारं कुणी न्हवतं. आता मी हाय. मास्क लावा न्हाई तर खाली उतरा." शिव्या देत लावले. स्लॅब पडला तेव्हा नवऱ्याची थोडी आठवण आली. त्यानं सळया चांगल्या घातल्या होत्या, तोडायला त्रास झाला. मेल्यावरही कामगारांना त्रास देणारा माणूस.

औषधवाल्याचं दुकान काही दिवस बंद होतं. आता ते त्याच्या बायकोच्या नावावर चालतं. बाजारात दिसला की मान खाली घालतो, मग थोडं पुढं जाऊन वर करतो.

मास्तरणीनं गावभर खोली हुडकली. आडनाव सांगितलं की कालच गेलेली. शेवटी मी तिला पुढच्या घरातली रस्त्याकडची खोली दिली. पुढच्या घराला परवाना आहे, नकाशात माणसं आहेत. दोन खोल्यांच्या जागी एक, तेव्हा माझं ओढाताणीनं भागतं. गुडघ्याची गोळी मी एक दिवसाआड घेते. आता चूल एकच. तिला तिखट चालत नाही आणि मला तिखटाशिवाय चालत नाही.

"मावशी, जरा कमी टाका, पोरगी पण खाते आता."

"मंग तिला पुण्याला पाठव. तिकडं समदं गोड करतेत."

पोर चालायला लागली आहे. भिंतीला धरून माझ्या खोलीत येते आणि चष्मा पळवते. मी फटका देते, तिला काही वाटत नाही. मागची जागा मोकळी पडली आहे. कृषीवाल्यांनी सांगितलंय तिथं खायचं काही लावू नका, म्हणून मी तिथं दोरी बांधून कपडे वाळत घालते. पोरीला तिकडं जाऊ देत नाही.

परवा मुलाचा फोन आला. "आई, आता तरी ये. तिथं उरलंय काय?"

"येत न्हाई. घरात भाडेकरू हाय."

"कुठल्या खोलीत?"

"तुझ्या."

फोनमध्ये नुसती खरखर आली. मला वाटलं, पुन्हा रेंज गेली.

"मग मी दिवाळीला आलो की झोपू कुठं?"

"स्टँडजवळ लॉज झालंय," मी सांगितलं. "बरं हाय म्हणतेत. पर आधी इचार, परवाना हाय का."